अरुंधती न दिसल्याचे सहा महिने

अन्याय झाला तो कुमारी वर्षा हिच्यावर. गेल्या वर्षी, वैशाखातल्या शेवटच्या शनिवारी, संध्याकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी. स्थळ : मेहकर तालुक्यातल्या एका गावात पिठाच्या गिरणीसमोरचं पटांगण. अन्याय करणारी व्यक्ती : मी.

पत्रकं लिहिण्यात माझी सात वर्षं गेली आहेत. कोणावर, कधी आणि कोणी हे पहिल्या चार ओळींत सांगायचं, मग मागणी करायची, अशी आमची शिस्त. सात वर्षांत ‘कोणी’ या जागी मी बऱ्याच जणांना बसवलं. स्वतः पहिल्यांदाच बसते आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या गावात मला अजून जायचं आहे.

माझं काम थोडक्यात सांगते. आमचं एक छोटं विज्ञान मंडळ आहे. मंडळाची एक जीप आहे, जीपमध्ये एक दुर्बीण आहे, आणि या दोन्हींवर हक्क सांगणारे रामदासदादा नावाचे चालक आहेत. अंधार पडायच्या आत गावात पोचायचं, पटांगणावरचा दिवा बंद करायला सरपंचांच्या विनवण्या करायच्या, दुर्बीण तिच्या तीन पायांवर उभी करायची, बॅटरीला लाल जिलेटीन कागद बांधायचा, आणि लोकांना सांगायचं की दहा मिनिटं मोबाइल खिशात ठेवा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. या दहा मिनिटांत माझं भाषण असतं. ते लोक ऐकतात, कारण अंधारात दुसरं काही करता येत नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटतात. संग्रामपूरला एका किराणा दुकानदारांनी दुर्बिणीतून शनी पाहिला, पुढे गेले आणि दुर्बिणीच्या तोंडावरून आपला दुपट्टा खसाखसा फिरवला. पुढच्या काचेवर कोणीतरी चित्र चिकटवलं असणार अशी त्यांची खात्री होती. दुपट्ट्याला शेंगदाण्याचं तेल होतं. त्यानंतर आठ गावांनी शनी धुक्यात पाहिला. रामदासदादा अजून त्या दुकानासमोरून जाताना जीपचा वेग वाढवतात.

पण मूळ भांडण सुरू झालं साखरखेर्ड्याच्या एका लग्नात. दुपारचे साडेबारा वाजलेले. गुरुजी नवरीला म्हणाले, “वर बघ, अरुंधतीचं दर्शन घे.” नवरीने वर पाहिलं. वर डेकोरेटरचं गुलाबी कापड होतं आणि त्याला टांगलेला एक पंखा, तोही बंद. “दिसली का?” नवरी म्हणाली, “हो, दिसली.” व्हिडिओवाला म्हणाला, “वहिनी, अजून एक डाव वर पाहा, थोडं हसून.” तिने तोच पंखा हसून पाहिला.

मी उभी राहिले. म्हणाले, हा नवरीवर अन्याय आहे, संसाराची सुरुवात खोटं बोलून करायला लावता, दर्शनच द्यायचं तर सूर्य मावळू द्या. पुढे काय झालं? मला पंगतीत सगळ्यांच्या आधी बसवलं, आग्रह करकरून जेवू घातलं आणि दोघांनी हाताला धरून जीपपर्यंत पोचवलं. आमच्याकडे निषेध असाच मोडून काढतात.

त्या रागात मी पत्रक लिहिलं. ‘लग्नातली अरुंधती : सत्य काय, भ्रम काय?’ पुढच्या बाजूला मोठ्या टायपात प्रश्न, मागच्या बाजूला बारीक टायपात उत्तरं. चौथा प्रश्न मला एका जुन्या पुस्तकात सापडला होता आणि त्याचा मला फार अभिमान होता : ‘ज्याला अरुंधती दिसत नाही, तो सहा महिन्यांत मरतो?’ मागे उत्तर होतं : ‘साफ खोटं.’

आता नीट ऐका. मेहकर तालुक्यातल्या त्या गावात ही समजूत कोणालाही माहीत नव्हती. एकाही म्हाताऱ्याला नाही. विसरून गेलेली, मेलेली अंधश्रद्धा मी पुस्तकातून उकरून काढली, तिचं खंडन करायचं म्हणून जीपमध्ये घातली आणि गावात नेऊन सोडली. गिरणीवाल्याला पत्रक फार आवडलं. पिठाची खळ त्याच्याकडे तयारच असते. त्याने पत्रक गिरणीच्या भिंतीला पक्कं चिकटवलं. प्रश्न बाहेर, उत्तरं भिंतीकडे.

त्याच शनिवारी पटांगणात रांग लागली होती. सप्तर्षी उत्तरेला चांगले उंच आले होते. त्यांच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला अगदी खेटून एक मंद चांदणी, ती अरुंधती. या जोडीला दुर्बीण लागत नाही. आकाश काळं असेल आणि डोळे बरे असतील, तर नुसत्या नजरेला दोन ठिपके वेगळे दिसतात. म्हणून मी नेहमी आधी नुसत्या डोळ्यांनी पाहायला लावते आणि मग दुर्बिणीकडे पाठवते.

आठ वाजून दहा मिनिटांनी आसारामआप्पांची पाळी आली. आप्पा ऐंशीच्या पुढचे. शाळेच्या दाखल्यात जन्मतारीख गुरुजींनी अंदाजाने टाकलेली, त्यामुळे नक्की ठाऊक नाही. त्यांनी मान वर केली, डोळे बारीक केले, टोपी मागे सारली.

“नाई दिसून राह्यली.”

“जराशी बाजूला नजर ठेवून पाहा, आप्पा.”

“बाजूलेही नाई.”

मागून रांग ढकलत होती. रामदासदादा ओरडत होते की दुर्बिणीच्या पायाला कोणी पाय लावू नका. मी म्हणाले, “असू द्या आप्पा, पुढच्या वेळी दिसेल.” आणि पुढच्या माणसाचा हात धरला. म्हाताऱ्या माणसाला एक तारा दिसत नाही, म्हणजे त्याच्या डोळ्यांना काहीतरी झालं आहे, हे पाचवीतल्या मुलालाही सुचलं असतं. मला सुचलं नाही. माझं लक्ष आकाशाकडे होतं.

दुसऱ्या दिवशी आप्पा दळण घेऊन गिरणीवर गेले. त्यांना बारीक अक्षर वाचता येत नव्हतं. मोठं येत होतं. चौथा प्रश्न चांगल्या मोठ्या टायपात होता.

पाचव्या दिवशी मला फोन आला. आप्पांची नात वर्षा बोलत होती. बुलढाण्याला नर्सिंगला होती, दुसरं वर्ष संपवून सुटीत घरी आलेली.

“ताई, तुम्ही चांदणीवाल्या ना? तुमच्या चांदणीनं माझी वाट लावली.”

हकिकत अशी. आप्पांनी घरात जाहीर केलं होतं की आपल्याकडे आता सहा महिने आहेत. वर्षाचे वडील तिच्या लहानपणीच गेलेले, आप्पांनीच तिला वाढवलं. तेव्हा मरायच्या आत नातीचं लग्न डोळ्यांनी पाहायचं, असं त्यांनी ठरवलं. जालन्याकडचं एक स्थळ बऱ्याच दिवसांपासून मागे लागलं होतं. त्यांना तिचं शिक्षण पुढे चालू राहायला नको होतं. आप्पा आधी त्यांना ‘पाहू’ म्हणत होते, आता ‘या’ म्हणाले होते. रविवारी पाहुणे येणार होते आणि ज्येष्ठातच बार उडवायचा होता.

“म्हणजे तिसरं वर्ष?”

“तेच तर म्हणते मी. एक वर्ष राह्यलं फक्त. तुम्ही या, अन् तुम्ही सांगितलेलं तुम्हीच परत घ्या.”

शनिवारी दुपारी मी पोचले. आप्पा ओसरीवर बसले होते. शेजारी त्यांच्या पत्नी सुभद्रामाय तुरीच्या डाळीतले खडे वेचत होत्या. खरं तर खडे चाचपत होत्या, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं. मी थेट विषयाला हात घातला.

“आप्पा, अरुंधती म्हणजे तापलेल्या वायूचा गोळा आहे. आपल्या सूर्यापेक्षा जास्त तापलेला, सूर्यापेक्षा मोठा. तिचा उजेड आपल्यापर्यंत यायला ऐंशी वर्षं लागतात. आज जो उजेड येतो, तो तुम्ही पाळण्यात होता तेव्हा निघालेला. तिला तुमचं नावही माहीत नाही.”

आप्पांनी मान हलवली. “म्हंजे मी जन्मलो तवाच माह्यासाठी निघाली ते. ऐंशी वरसं चालत आली बिचारी. अन् मलेच दिसली नाई.”

“आप्पा, तसं नाही—”

“मंग कसं? तूच म्हणून राह्यली.”

मी दुसरीकडून सुरुवात केली. वसिष्ठ एक तारा नाहीच, असं सांगितलं. दुर्बिणीतून त्याचे दोन दिसतात. आणि त्या दोन्हींचा उजेड वेगळा करून त्याचे रंग तपासले तर कळतं की त्यातला प्रत्येक पुन्हा दोघांचा आहे. एकूण चार. इकडे अरुंधतीलाही एक लहानसा, लालसर, मंद सोबती आहे, तो आमच्या दुर्बिणीतूनही दिसत नाही. सगळे मिळून सहा सूर्य, आणि आपण त्यांना नवरा-बायको म्हणतो.

सुभद्रामायचा हात डाळीत थांबला. “वसिष्ठाच्या घरी चार जण? अन् तिच्यासंग एक?”

“हो माय.”

“अन् दोन घरांत अंतर किती?”

“नक्की मोजलेलं नाही. पण उजेडालाही या घरून त्या घरी जायला वर्षभर तरी लागत असेल.”

“मंग सुखानं नांदत असतीन,” माय म्हणाल्या आणि पुन्हा डाळीकडे वळल्या.

मला वाटलं, जमतंय. आणि अशा वेळी माणसाने गप्प बसावं, ते मी बसले नाही. म्हणाले, “आणि हे तारे एकमेकांभोवती फिरतात, आप्पा. नियमाने. वसिष्ठातली पहिली जोडी वीस दिवसांत एक फेरी पुरी करते. दुसरी जोडी जरा सावकाश. तिला एका फेरीला एकशे पंचाहत्तर दिवस लागतात.”

“एकशे पंचाहत्तर म्हंजे किती महिने?”

आता हे सत्य आहे. मोजलेलं, तपासलेलं सत्य आहे. मी काय करणार होते?

“जवळजवळ सहा,” मी म्हणाले.

आप्पांनी मांडीवर थाप मारली. “पाह्य! सहा महिने! पत्रकात हाये अन् आभायातही हाये. अन् हे म्हणते खोटं हाये!”

दारात वर्षा उभी होती. तिने कपाळावर हात मारला. रामदासदादा जीपमधून उतरलेच नव्हते, त्यांनी तिथूनच विचारलं, “निघायचं का ताई?”

मी गिरणीवर गेले. पत्रक भिंतीवरून काढून मागची बाजू आप्पांना दाखवावी असं ठरवलं. पिठाची खळ चांगली होती. चौथा प्रश्न अर्धा निघाला आणि ‘सहा महिन्यांत मरतो’ एवढं भिंतीवर राहिलं. हात लावायच्या आधीपेक्षा ते जास्त वाईट दिसत होतं. गिरणीवाला म्हणाला, “ताई, राहू द्या, मी त्यावर कॅलेंडर लावतो.”

मी परत ओसरीवर आले ती रडवेली होऊन. आणि म्हणाले, “आप्पा, मी चुकले. डॉक्टरांना एकदा डोळे दाखवा. तारा न दिसणं हा डोळ्यांचा प्रश्न आहे.”

“सहा महिन्यांसाठी कायले नवे डोळे? हे पुरतीन.”

तेव्हा सुभद्रामायने सूप खाली ठेवलं.

“मले तर आजवर नाई दिसली,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“अरुंधती. आपलं लगीन भर उन्हात झालं. बामण म्हणे, दिसली का? म्या म्हणलं, दिसली. मांडवाचं फडकं दिसलं फक्त. त्यानंतर कोण मान वर करते? त्या दिवशी पोरीनं रांगेत बलावलं, तर मी गेलीच नाई. दिसत नाई हे मले घरबसल्या ठाऊक हाये. साठ वरसं झाली, काऊन मेली नाई मी?”

आप्पा त्यांच्याकडे वळले. “तू लग्नात खोटं बोलली?”

“तुमच्याच बाजूले बसून. तुम्ही काय पाह्यलं होतं?”

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “बांबू.”

वर्षा आत पळाली. तिचं हसणं बाहेरपर्यंत आलं.

मायने तेवढ्यावर सोडलं नाही. संध्याकाळी त्यांनी स्वतः घरोघर निरोप धाडला की साठीच्या वरच्या सगळ्यांनी गिरणीसमोर यावं, चांदणीवाली पोरगी तपासणार आहे. आकाश स्वच्छ होतं. सव्वाआठला रांग लागली. मी एकेकाला विचारायला लागले आणि एकेक जण सांगायला लागला. नाई. नाई दिसत. कोणती? एकच दिसते. मले तर शेपूटच दिसून नाई राह्यलं. एक आजी म्हणाल्या दिसली, पण त्या मोबाइलच्या टॉवरकडे पाहत होत्या. रांग निम्म्यावर आली तेव्हा भजनी मंडळ जवळजवळ सगळं मरणाच्या यादीत गेलं होतं.

आप्पा बाजूला खुर्चीवर बसून ऐकत होते. यादी वाढत गेली तसे ते अस्वस्थ झाले. शेवटी उठले.

“थांब पोरी. हे सगळेच्या सगळे सहा महिन्यांत?”

“पत्रकाप्रमाणे, आप्पा.”

“मंग मले खांदा कोण देईन?”

 गिरणीवाला हळूच म्हणाला, “काहीतरी गडबड हाये, आप्पा. एवढे लोक एकदम मरत नसते.” माझ्या सात वर्षांच्या भाषणांचं सार त्याने एका वाक्यात सांगितलं, आणि ते गावाला पटलं. माझ्या तोंडून पटलं नव्हतं, याची नोंद घ्यावी.

तरी आप्पांनी पूर्ण हार मानली नाही. त्यांनी अट घातली. पाहुण्यांना ‘थांबा’ म्हणून कळवतो. डोळा दाखवतो. पण तुळशीच्या लग्नाच्या आत मले अरुंधती दिसली पाह्यजे. दिसली तर वर्षी शिकेल. नाई दिसली, तर माह्ये सहा महिने तवाच सरतेत, मंग तुळशीमागचा पहिला मुहूर्त वर्षीचा.

मी ‘हो’ म्हणाले. माझ्या धंद्यातल्या माणसाने इतक्या घाईने हो म्हणायला नको होतं. जीप मेहकरला पोचेपर्यंत ते माझ्या ध्यानात आलं. आषाढापासून भाद्रपदापर्यंत आमच्याकडे आभाळच मोकळं नसतं. ते मोकळं होतं तोवर सप्तर्षी संध्याकाळी लवकर मावळायला लागतात. दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी अरुंधती कोणालाच दिसत नाही, तरण्याताठ्यालाही नाही. ती त्या दिवसांत पहाटे उगवते, ईशान्येला. म्हणजे मधले महिने काहीही करता येणार नव्हतं. वर्षाचं सगळं शिक्षण तुळशीच्या लग्नाआधीच्या चार-सहा पहाटांवर येऊन ठेपलं होतं.

आषाढात आप्पांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू इतका पिकला होता की डॉक्टर म्हणाले, या डोळ्याला आतापर्यंत सूर्य दिसत होता हेच खूप. डावा नंतर करायचा होता. आप्पा म्हणाले, एक पुरे, अरुंधती एकच हाये. वर्षा कॉलेजात परत गेली आणि दर रविवारी मला फोन करून एकच प्रश्न विचारायची, “ताई, ढग?”

दिवाळीनंतर दोन पहाटा धुक्यात गेल्या. तिसऱ्या पहाटे ओसरीसमोरच्या खांबावरच्या दिव्याची वायर सापडत नव्हती म्हणून तो विझवता आला नाही. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, पहाटे पाचला, आम्ही गिरणीमागच्या मोकळ्या वावरात उभे होतो : आप्पा, सुभद्रामाय, सुटीवर आलेली वर्षा, रामदासदादा आणि मी. चंद्र मावळला होता. थंडी होती. सप्तर्षी ईशान्येला क्षितिजापासून बरेच वर आले होते, शेपूट खाली.

मी आप्पांच्या खांद्यावरून हात लांब केला. “मधला तारा, आप्पा. त्याला खेटून.”

 वर्षाने माझा दुसरा हात इतका घट्ट धरला होता की माझ्या बांगड्यांचे वळ उठले.

“हाये,” आप्पा म्हणाले. “दोन हायेत. एक मोठी, एक बारकी.”

“डाव्या अंगाला की उजव्या?” मी मुद्दाम विचारलं. आप्पांना नातीचा कळवळा होता आणि मला पुरावा हवा होता. त्यांनी नीट सांगितलं. बरोबर होतं.

वर्षा जीपच्या बॉनेटवर डोकं टेकून उभी राहिली. पण आप्पा अजून वरच बघत होते. त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. मग काढला. मग डाव्यावर ठेवला. पुन्हा उजव्यावर.

“अबे,” ते म्हणाले, “या डोळ्यानं मी जगतो, अन् या डोळ्यानं मरतो. आता ऐकावं कोणाचं?”

मी दचकले. हा मुद्दा अटीत नव्हता.

सुभद्रामायने त्यांचा हात धरून खाली आणला. “ज्या डोळ्यानं नातीचं तोंड नीट दिसते, त्याचं ऐका. अन् चला, चहा ठेवते.”

वर्षाचं शेवटचं वर्ष पार पडलं. आप्पांनी डावा डोळाही करून घेतला, पण त्याआधी डॉक्टरांना विचारलं की हा केल्यावर अरुंधती दोन तर दिसणार नाही ना. सुभद्रामायचे डोळे झाले. त्या रांगेतल्या बऱ्याच जणांचे झाले. भजनी मंडळ शाबूत आहे. सहा महिने कधीच सरले. वसिष्ठातल्या त्या दुसऱ्या जोडीने दोन फेऱ्या पुऱ्या केल्या, कोणाचं काही न बिघडवता.

ते पत्रक मी मागे घेतलं आहे. माझी खंत एवढीच आहे की सात वर्षं मी लोकांना वर पाहायला लावलं आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांत एकदाही पाहिलं नाही. किती गावांत किती जण “नाही दिसत” म्हणाले आणि मी “असू द्या” म्हणून पुढे गेले, ते आता शोधून काढायला मला जन्म पुरणार नाही. म्हणून ते काम तुम्हाला सांगते आहे.

मागणी एकच आहे आणि ती तुमच्याकडे आहे. तुम्ही हा अंक दिवाळीत वाचत असाल. तुळशीच्या लग्नाच्या आसपास एका पहाटे पाचला उठा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शाल पांघरून अंगणात आणा, दिवा बंद करा, दहा मिनिटं थांबा. तोंड ईशान्येला करा. आधी एक डोळा झाकायला सांगा, मग दुसरा. दोन ठिपके दिसले नाहीत, तर पंचांग उघडू नका आणि नातीचं स्थळ पाहू नका. उजाडल्यावर त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. त्याच दिवशी.

आणि हे पान कुठे चिकटवणार असाल, तर खळ फक्त वरच्या काठाला लावा.